वैद्यकाची ओळ

किसनतात्या गेल्याचं कळवणारं पोस्टकार्ड माझ्या नावाने आलं होतं, पण कार्यालयात ते वाचकांच्या पत्रांच्या ट्रेमध्ये चार दिवस पडून राहिलं. तात्यांची मुलगी सुमन हिने ते बारामतीहून लिहिलं होतं. तीनच ओळी. शेवटच्या ओळीत पुण्यानुमोदनाच्या शोकसभेचा दिवस होता आणि तो आदल्या दिवशीच उलटून गेला होता. मी कार्ड दोनदा वाचलं. पहिल्यांदा सवयीने, चुका शोधत... चूक नव्हती.

तात्या निमगाव केतकीच्या एसटी थांब्यावर वाहतूक नियंत्रक होते. माझं गाव निरवांगी. पुण्याला येता-जाता गाडी बदलायला मी निमगावला उतरायचो, तेव्हाची ही ओळख. थांब्याच्या भिंतीवर एक काळा फळा होता. डाव्या बाजूला गाड्यांच्या वेळा, उजव्या बाजूला बातम्या. दोन्ही तात्यांच्या हातच्या, खडूने, पट्टी न लावता सरळ ओळीत. गावातल्या कित्येक मुलांनी अक्षर त्या फळ्यावरूनच गिरवलं होतं. निवृत्तीनंतर गाड्यांच्या वेळा दुसऱ्याकडे गेल्या, बातम्या तात्यांकडेच राहिल्या. मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक झालो, तेव्हापासून दर ऑक्टोबरात संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांचा फोन यायचा. परदेशातून जाहीर होणारे विज्ञानाचे आणि साहित्याचे मोठे पुरस्कार त्यांना त्याच दिवशी फळ्यावर हवे असत. नुसती नावं चालत नसत. कशाबद्दल मिळालं, तेही हवं.

एका वर्षी मी पेशीच्या आवरणातून क्षार आत-बाहेर कसे होतात, ते सांगत होतो. तात्या म्हणाले, "म्हंजी उसाच्या मुळीत पानी शिरतं, तसंच का?"

"साधारण तसंच."

"साधारण असं फळ्यावर लिवत न्हाय मी. नीट इचारून सांगा. थांबतो."

ते थांब्याजवळच्या एसटीडी बूथवर थांबले. मी विज्ञानाच्या एका प्राध्यापकांना फोन करून विचारलं. नंतर तात्यांनी सहज चौकशी केली, "तुमच्या धंद्याला न्हाय का वो असलं बक्षीस?" पत्रकारितेचे मोठे पुरस्कार वेगळे असतात, वेगळ्या महिन्यात जाहीर होतात, असं मी सांगितलं. "तुमाला मिळायचं न्हाय," तात्या म्हणाले. "तुमी फोन लई लवकर ठिवता."

बाजारच्या दिवशी थांब्यामागच्या कडुलिंबाखाली कळसच्या हिराबाई बसायच्या. घरात पूर्वी मेंढरं होती. मेंढरांची मोडलेली हाडं बसवता बसवता त्या माणसांचीही बसवू लागल्या. बांबूच्या कामट्या आणि फडक्याच्या पट्ट्या एवढंच सामान. घेत काही नसत. तात्या एकदा गाडीच्या पायरीवरून पडले, तेव्हा त्यांचं उजवं मनगट हिराबाईंनीच बसवलं होतं. फळा वाचणारी माणसं ऑक्टोबरात त्यांची फिरकी घ्यायची. "मावशे, औंदा तुझं नाव हाय का न्हाय?" त्या म्हणायच्या, "माझं कशाला? मेंढरास्नी द्या. वरडली न्हाईत कधी."

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, वैद्यकाचा पुरस्कार जाहीर व्हायच्या दिवशी, आमच्याकडे बातम्यांच्या टेलिप्रिंटरची लाइन दुपारपासून बंद होती. सातला तात्यांचा फोन आला. मागे कर्ण्यावरून इंदापूर गाडीचा फलाट पुकारला जात होता. फोन बारामतीच्या स्टँडवरून होता. नाव अजून आलेलं नाही, असं मी सांगितलं. "जागा सोडून आलोय. वैद्यक लिवलंय, फुडं मोकळं हाय," ते म्हणाले. मी बरं म्हणून फोन ठेवला. लवकरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी निमगावचा बाजार होता. उजाडलं तेव्हा मोकळ्या जागेत नाव होतं, हिराबाई, मु. पो. कळस. अक्षर तात्यांच्या वळणाचं. हिराबाईंना वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं, कुणीतरी फुलवाल्याकडची झेंडूची माळ आणून घातली. "कुनी दिलं?" त्यांनी विचारलं. "जगानं," गर्दीतून उत्तर आलं. त्या माळ घालून तशाच फळ्याखाली बसून राहिल्या. हसणारे किती होते आणि हात जोडणारे किती, हे पुढे मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणा दोघांचीही उत्तरं जुळली नाहीत.

साडेनऊच्या बारामती गाडीने तात्या उतरले. शाळेतल्या एका गुरुजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "तात्या, हे खरं आहे का?" तात्यांनी फळा वाचला. मग हिराबाईंकडे पाहिलं. नंतर ते म्हणाले, "अक्षर माझं हाय."

त्यांनी बूथवरून मला फोन केला, आलेली नावं उतरून घेतली आणि ती खाली लिहिली. वरची ओळ पुसली नाही.

आठवड्याने आमच्या तालुका वार्ताहराकडून चार ओळींची बातमी आली. सार्वजनिक फलकावर खोटी माहिती, ग्रामस्थांत नाराजी. मी तात्यांना त्यांची बाजू विचारली. ते म्हणाले, "अक्षर माझं हाय. येवढंच छापा." त्या रात्री तुम्ही निमगावात होता का, असं मी विचारलं. या वेळी फोन त्यांनी आधी ठेवला. बातमी मी वापरली नाही. दुजोरा नव्हता, असं कारण मी नोंदवलं. ते खरं होतं... निदान तेव्हा मला तसं वाटलं.

फळ्याचं मात्र बिघडलं. पुढे तात्यांनी काहीही लिहिलं, की कुणीतरी म्हणायचं, "खरं का हिराबाईवानी?" मला फोन करताना ते प्रत्येक नाव दोनदा वदवून घेत.

कार्ड मिळाल्यावर मी बारामतीला सुमनकडे गेलो. तिने चहा दिला. त्या रात्रीचं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा हितंच हुते. माझ्या पोराला ताप हुता. सकाळच्या गाडीनं गेले." म्हणजे ते अक्षर त्यांचं नव्हतं. 'साधारण' हा शब्दसुद्धा न खपवणारा माणूस दुसऱ्याच्या खोट्याखाली आपलं नाव घालून तीन वर्षं टोमणे ऐकत राहिला. ज्याने लिहिलं, त्याने टिंगल म्हणून लिहिलं की मनापासून, हे तात्यांना ठाऊक होतं का? आणि खोटं नेमकं कोणतं, फळ्यावरचं की "अक्षर माझं हाय" हे? माझा धंदा असले प्रश्न सोडवण्याचा आहे. मला ते सुटलेले नाहीत.

परतताना निमगावला उतरलो. ऑक्टोबर लागला होता, बाजारचा दिवस होता. फळ्याची उजवी बाजू कोरी होती. बूथवाल्याने तात्यांची खडूची पेटी माझ्यापुढे ठेवली. "तुमीच लिवा. नावं तुमच्याकडंच असत्यात." कडुलिंबाखाली हिराबाई एका माणसाचा घोटा चोळत होत्या. मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो. त्या दिवसाचं विचारायचं ठरवून आलो होतो. त्याच आधी म्हणाल्या, "तात्यानं लिवलं हुतं माझं नाव. लोकं काय बी म्हनू द्यात. तात्या खोटं लिवत न्हाय."

"व्हय," मी म्हणालो.

मग उठून फळ्यावर वैद्यक लिहिलं आणि त्या वर्षीची नावं खिशातल्या कागदावरून उतरवली. "कुनाला मिळालं?" त्यांनी मागून विचारलं. मी वाचून दाखवलं. "चांगली मानसं असत्याल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा घोट्याकडे वळल्या.

गाडी आली तेव्हा खिडकीतून फळा दिसत होता. वैद्यक या शब्दापुढे, नावांच्या वर, एका ओळीची जागा सुटली होती. ती मी सोडली की चुकून सुटली, ते मला सांगता येणार नाही.