इंजिन बंद पडलं तेव्हा

भाऊने रिमोटवर उडणारं विमान डोक्यावर धरलं आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. वारा कुठून येतो हे त्याला गालावर कळतं. साखरेच्या आजाराने त्याचा एक डोळा पूर्ण नेला आहे, दुसऱ्याने उजेड-अंधार तेवढा समजतो. हे विमान त्याने नजर जात असताना, बोटांनी चाचपत बांधलं होतं. दुसरं आता त्याच्या हातून होणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते उडवायला त्याने मला जळगावहून बोलावलं.

तो राहतो ते धुळं काही लांब नाही. तरी त्याचे डोळे जात होते तेव्हा मी वेळ नाही म्हणत राहिलो. रिमोटला तर मी कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. "सवय शे ना?" त्याने विचारलं होतं, आणि मी "हो" म्हणालो.

नरडाण्याच्या अलीकडच्या पडीक माळावर आम्ही दोघंच. जमीन खडबडीत, म्हणून विमान हातातूनच सोडायचं. इंजिन सुरू झालं, इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास आला. भाऊने चार पावलं धावून ते हवेत ढकललं.

पहिल्याच वळणावर माझ्याकडून रिमोटची दांडी जास्त दाबली गेली. विमान कुशीवर कललं, नाक खाली गेलं, इंजिन किंचाळू लागलं. कसंबसं सावरलं तेव्हा ते बाभळींच्या शेंड्यांवरून निघत होतं.

"काय व्हयनं?"

"काही नही, भाऊ. मस्त उडी राहिनं."

तो आवाज जाईल तिकडे मान फिरवत राहिला. मी विमान वर नेलं. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

माळावर एकदम शांतता. भाऊची मान जिथल्या तिथे थांबली.

"कोठे शे?"

मी वर बघत राहिलो.

"आते खरं सांग. माले आवाज नही."

"बाभळींच्या वर. खाली येतंय. एक पंख कललाय."

"कोनता?"

"मला दिसतो तो डावा."

"आपलाकडे येस का दूर जास?"

"आपल्याकडे."

"मग दांडी डावीकडेच. खालना पंखले टेका दे."

माझा अंगठा उजवीकडे निघाला होता. तो मी मागे आणला. पंख सरळ झाले. जमीन जवळ आली तसं नाक वर घ्यावंसं वाटलं. तेही मी बोलून टाकलं.

"नको! वेग जाई, पडी जाई. येऊ दे."

विमान आमच्या बाजूने सरकत गेलं, टेकलं, उसळलं आणि ढेकळांत तिरकं होऊन थांबलं.

मी ते आणून खाली बसलेल्या भाऊच्या मांडीवर ठेवलं. पुढच्या चाकाचा पाय मोडला होता, पंखाचं टोक फाटलं होतं. दोन्ही सांगितलं. मग मघाचं वळणही सांगितलं, आणि रिमोट किती वर्षांनी धरला तेही.

त्याची बोटं पंखाच्या कडेवरून सावकाश गेली, फाटक्या जागी थांबली.

"इंजिन आरडनं तवयच समजनं माले," तो म्हणाला. "डोया गयात, कान नही."

मी ढेकळांत बसून मोडक्या पायाचे तुकडे वेचू लागलो.

"बठ्ठा तुकडा देखी ले, एकबी सोडू नको," भाऊ म्हणाला. "माले दिसाव नहीत."