नानांनी कंपनीला लिहिलेली पत्रं

गेल्या रविवारी सोनईला माहेरी गेले होते. चहा होतो न होतो तोच नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोबाईल पुढे केला. "कंपनीची पत्रं येईना झाली गं. माझ्याकडून काय चुकलं असंल का?"

कुठली कंपनी, हे कळायलाच मला मिनिटभर लागलं... दोन वर्षांपूर्वी मी नानांसाठी एका ऑनलाइन दुकानातून मऊ तळव्याच्या चपला मागवल्या होत्या. ऑर्डरला ईमेल हवा होता, म्हणून त्यांच्याच मोबाईलवर त्यांच्या नावाने जीमेल उघडून दिलं.

चपला आल्या आणि पाठोपाठ मेलचा मारा सुरू झाला. 'रावसाहेब, खास तुमच्यासाठी!' 'रावसाहेब, बरेच दिवस दिसला नाहीत, आठवण येते!' दिवसाला दोन दोन, तीन तीन. सणासुदीला तर विचारूच नका.

महिन्यापूर्वी गेले होते तेव्हा भाऊ कुरकुरत होता, नानांचा मोबाईल सारखा अडकतो म्हणून. मी मोठ्या हुशारीने अख्खा इनबॉक्स रिकामा केला, दुकानाचे मेल अनसबस्क्राइब करून टाकले. नानांना विचारावं असं मनातही आलं नाही.

तर आता त्यांना समजावायला बसले. "नाना, ती जाहिरात असते. सगळ्यांना एकच मेल जातो," मी मोठ्याने सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असंल. पण नावानं लिहित्यात. मी बी उत्तर देत हुतो समद्याला. पोच यायची लगेच."

उत्तर? मला हसूच फुटलं. नानांची सगळी नोकरी साखर कारखान्यात आवक-जावकच्या टेबलावर गेली. आलेलं पत्र रजिस्टरला नोंदवायचं आणि त्याला उत्तर गेलं का, याचा साहेबांच्या मागे लागून पिच्छा पुरवायचा. चपलांच्या दुकानालाही त्यांनी तोच नियम लावला होता. आणि ती पोच म्हणजे काय, तर 'या पत्त्यावर मेल पोहोचू शकत नाही' असं इंग्रजीत कळवणारा, आपोआप येणारा मेल...

वहिनीला वाचून दाखवावं म्हणून मी सेंट फोल्डर उघडला. तो तसाच होता, भरलेला.

'महोदय, आपले पत्र मिळाले. चपला उत्तम आहेत. तूर्त आणखी जोडाची गरज नाही. गरज पडल्यास अवश्य कळवीन.' पुढचं पत्र दिवाळीच्या शुभेच्छांचे आभार मानणारं. मी आणि वहिनी पोट धरून हसत होतो. नाना समोरच बसले होते, आम्ही हसतोय म्हणून तेही हसत होते.

मग गेल्या वर्षीचं एक पत्र आलं.

'महोदय, आपण लेखी कळवता हे फार बरे करता. मला हल्ली फोनवर अजिबात ऐकू येत नाही. मुलगी रोज नगरहून फोन करते. काय म्हणते ते समजत नाही. परत परत विचारले तर तिला त्रास होईल, म्हणून मी "व्हय, बरं झालं" एवढेच म्हणतो. तिचा आवाज चालू आहे, एवढे कळते. तेवढे पुरते.'

मला पुढे वाचवेना. नानांना थोडं कमी ऐकू येतं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. समोर बसून मोठ्याने बोललं की ते ओठांवरून अंदाज बांधायचे, आणि मुळात ते कमी बोलणारे... आमच्या कधी लक्षातच आलं नाही.

आता जे लिहितेय ते लिहायला जड जातंय. पाच महिन्यांपूर्वी माझ्या लेकीचं, मनूचं, ठरलेलं लग्न मोडलं. साखरपुडा झाला होता, कार्यालय ठरलं होतं. पहिला फोन मी नानांना केला. रडत रडत सगळं सांगितलं. आणि नाना म्हणाले, "व्हय, बरं झालं. लई बरं झालं."

मी फोन ठेवला. माझी आतून चिडचिड झाली. वय झालं की माणूस कोरडा होतो, असं स्वतःला सांगितलं आणि रोजचा फोन आठवड्यावर आणला. तोही जेवलात का, गोळ्या घेतल्या का, इतकाच. सोनईच्या घरात हा विषय कुणी काढत नव्हतं. नानांना माझ्याकडून कळलेलंच आहे, जखमेवरची खपली कशाला काढा, असं भावाला वाटायचं. आणि नाना आपणहून काही विचारणारे नव्हतेच.

त्या रविवारी तोंडाने काही सांगण्याचं धाडस झालं नाही. नगरला परत आले आणि सोमवारी त्यांना मेल लिहिला. तीर्थरूप नानांस, साष्टांग नमस्कार... मनूचं सगळं लिहिलं, ती आता सावरतेय हेही लिहिलं. या रविवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, तयार राहा, असं कळवलं. माझ्या रागाबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाही.

बुधवारी उत्तर आलं.

'चि. सुनीता, अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. मनूचे लग्न मोडल्याचे आज समजले. फार वाईट वाटले. पोरीला आठ दिवस माझ्याकडे पाठवून दे. डॉक्टरकडे येतो. एक विचारायचे आहे. हे तू मला तेव्हा फोनवर सांगितले असशीलच. मी काय म्हणालो होतो, ते कळवावे.'

आज शुक्रवार. दोन दिवस झाले, मी उत्तर लिहायला घेते आणि पुसते. 'तुम्ही मला धीर दिलात' असं एकदा लिहूनही पाहिलं... पाठवायला मन धजलं नाही. खरं लिहायला तर त्याहून जमत नाही. पाच महिने मी त्यांच्यावर रुसून होते, हे त्यांना अजून माहीतच नाही.