पाण्याला भिणारे आतोबा

माझ्या आत्याच्या यजमानांइतका भित्रा माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नाही, आणि मासे धरण्याचे त्यांच्याइतके वेडही तिथे कुणाला नव्हते. देवाने या दोन गोष्टी एकाच माणसात कशा कोंबल्या, ते त्यालाच ठाऊक. आतोबा समुद्राला भीत, खाडीला भीत, विहिरीत वाकून बघायला भीत आणि आंघोळीच्या घंगाळातसुद्धा तांब्या लांबून बुडवीत. त्या काळी मुंबईला जायचे ते बोटीने. आतोबा सख्ख्या पुतणीच्या लग्नाला निघाले ते बैलगाडीने आंबा घाट चढून, कोल्हापूरला आगगाडी धरून. पोचले तेव्हा मुलगी सासरी जाऊन माहेरपणाला परत आली होती. "उशीर झाला खरा," ते म्हणाले, "पण कोरडा आलो."

मी घाटावरचा. शाळेत मास्तरकी मिळाली म्हणून रत्नागिरीला आलो आणि आत्याकडे राहिलो. मलाही पोहता येत नव्हते, त्यामुळे आतोबांना माझ्याबद्दल पहिल्या दिवसापासून आपुलकी वाटली.

माशांचे वेड त्यांना एका साहेबाने लावले. आतोबा बांधकाम खात्यात नकाशे काढीत. तिथला गोरा इंजिनिअर विलायतेत तळ्यावर ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा धरीत वाढलेला. तो गरीला गांडूळ लावीत नसे. पिसांची खोटी माशी बांधून ती लांब दोरीने पाण्यावर अलगद टेकवी, आणि मासा फसून झेप घेई. मिरजोळ्याच्या वाटेवरच्या तळ्यात ट्राउट कुठून असणार! साहेबाने मरळीवर समाधान मानले, आणि मायदेशी जाताना आपली काठी आतोबांना देऊन टाकली. आतोबांना या विद्येत एकच गुण दिसला: पाण्यापासून पंधरा हात लांब उभे राहता येत होते.

माशी बांधायला कोंबड्याच्या मानेची पिसे लागत. आतोबा कचेरीतून परतू लागले की आळीतले कोंबडे कुंपणावर चढत. शेजारचा नाखवा एकदा अगदी काकुळतीने म्हणाला, "भाऊसाहेब, मारायचा तर पुरा मारा, नाहीतर सोडा. अर्धाच काय सोलता?"

श्रावणात तळे काठोकाठ भरले की आतोबा बांधापलीकडे वडाखाली जाऊन उभे राहत, आणि निम्म्या माश्या वडालाच लागत. आश्विनात पाणी निवळे, मरळ श्वास घ्यायला वर येई, तो खरा हंगाम. थंडीत मासा तळाशी जाऊन बसे, तरी हे जायचेच. "त्याला वाटायला नको, आपण विसरलो म्हणून." वैशाखात तळे गुडघाभर उरे, म्हशी गाळात लोळत, आणि फक्त तेव्हा आतोबा पाच हातांवर येत, तेही एका हाताने करवंदीची जाळी धरून. साप, सुसर आणि तळ्यातली बाई या तिघांची भीती त्यांनी मलाही लावली. "बाई दिसत नाही," ते हलक्या आवाजात सांगत, "पायाला नुसतं गार लागतं." मी हसायचो, आणि पाय आखडून घ्यायचो.

एका कोजागिरीला आत्या आमच्याबरोबर तळ्यावर आली. तिला लक्ष्मीच्या पूजेला कमळे हवी होती. सणाचा दिवस, म्हणून आतोबा मासा धरणार नव्हते. नुसता हात बसवायला आले होते. भर दुपार होती. तळ्याच्या पायऱ्या जांभ्याच्या, शेवाळाने हिरव्यागार.

"अगो, मागे सर! मागे सर!" आतोबा लांबून ओरडत होते.

"चाळीस पावसाळे काढलेत मी इथे," आत्या म्हणाली, "मला नका शिकवू." आणि पुढचे कमळ धरायला वाकली ती गेलीच.

आवाजसुद्धा फारसा झाला नाही. तिचा पदर फुगून वर आला, आणि मग एक हात, बांगड्यांसकट. तो हात पाणी धरू पाहत होता.

मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. माझे पाय हलेनात. पाण्याखाली काहीतरी आहे, ते आता मलाही ओढणार, एवढेच डोक्यात होते. आत्याचा हात एकदा आत गेला, पुन्हा वर आला.

आतोबा माझ्या अंगावरून पुढे गेले. काठी त्यांनी केव्हाच टाकली होती. चेहरा पांढराफटक, दात वाजत होते, तोंडातून "आई गं, आई गं" असा लहान पोरासारखा आवाज येत होता, आणि ते पायऱ्या उतरत होते. गुडघे बुडाले. कंबर बुडाली. छातीला पाणी लागले तेव्हा ते थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, संपले. मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. पाणी हनुवटीला आले, आणि पदर हाताला लागला. तो मनगटाला गुंडाळून ते मागे सरकू लागले, पण शेवाळावर पाय ठरेना.

"हात दे रे," ते म्हणाले. ओरडले नाहीत, नुसते म्हणाले.

तेव्हा कुठे माझे गुडघे वाकले. मी पायरीवर पालथा पडलो आणि हात दिला.

आत्या पाणी ओकली, खोकली, मग रडू लागली. आतोबा शेजारी बसून थरथरत होते. "बरी आहेस ना गो? बरी आहेस ना?" एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारीत होते.

संध्याकाळी सगळी आळी ओटीवर जमली. आतोबा घोंगडी पांघरून बसलेले. मी खांबाआड उभा होतो, आणि दुपारपेक्षाही जास्त घाबरलो होतो. नाखव्याने विचारले, "वहिनींना काढलं कोणी?"

"याने," आतोबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "मी पडलो भित्रा. हा होता म्हणून आम्ही दोघं वर आलो."

आळीला ते लगेच पटले. आत्याने माझ्या तोंडावरून हात फिरवला. पाण्यात तिला काहीच कळले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात आतोबा पुन्हा पंधरा हातांवर उभे राहून माशी टाकत होते. मी विचारले, "आतोबा, खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठे? हात दिलास की." मग दोरी आवरता आवरता म्हणाले, "तुला इथे मास्तरकी करायची आहे. भित्रा म्हणवून घ्यायची मला सवय आहे."

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. आत्या होती तोवर दर कोजागिरीला आटवलेल्या दुधाचा पहिला पेला माझ्या हातात द्यायची आणि बसलेल्यांना सांगायची, "याने मला पाण्यातून काढलं हो." आतोबा कोपऱ्यातून मान डोलवायचे. ते गेल्यावर मान डोलवणारे कोणी उरले नाही. खरे काय ते आत्याला सांगून टाकायचे, असे मी दर वर्षी ठरवून जायचो, आणि दर वर्षी दूध पिऊन परत यायचो.