फटी नसलेला ओटा

सुताराला त्याच्या पाठीमागे सगळे 'शी सुतार' म्हणायचे. ते त्याच्या कानावर आलं तेव्हा तो रागावला नाही, उलट मनातून सुखावलाच. कुठल्याही घरी काम बघायला गेला की त्याच्या तोंडून पहिला शब्द 'शी!' हाच निघायचा. भुसा दाबून केलेलं कपाट बघून शी, दुसऱ्याने ठोकलेली चौकट बघून शी, आणि लाकडावर चकचकीत वॉर्निश फासलेलं दिसलं की दोनदा शी. ओल्या लाकडावर वॉर्निश म्हणजे आंघोळीला दांडी मारून अत्तर लावणं, असं तो घरमालकिणीच्या तोंडावर सांगायचा आणि तरीही लोक त्यालाच बोलवायचे, कारण हात चांगला होता.

त्या दिवशी सकाळी तो बाईंच्या घरामागे नाक मुरडून उभा होता. बाईंनी त्याला शाळेत भूगोल शिकवला होता. आता त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि गुडघ्यांनी संप पुकारला होता. पुढच्या दाराच्या पायऱ्या उतरणं बंद झाल्यापासून बाईंचं सगळं बाहेरचं जग म्हणजे मागच्या दाराला लागून असलेला लाकडी ओटा, थेट उंबऱ्याच्या पातळीवरचा. नऊ वर्षांपूर्वी तो त्यानेच बांधला होता. सकाळच्या चहापासून ऊन तापेपर्यंत बाईंची खुर्ची तिथेच असायची. गेल्या आठवड्यात त्या खुर्चीचा एक पाय फळीसकट खाली गेला. बाई वाचल्या, कप वाचला नाही.

"पाडून टाकू या, काका," बाईंचा मुलगा म्हणाला. "मागचं दार बंद ठेवू. आई खिडकीत बसेल."

"खिडकीत कुंड्या ठेवतात," बाई आतून म्हणाल्या.

"आधी बघू तर द्या," सुतार म्हणाला आणि वाकून त्याने ओट्यावरचं प्लॅस्टिकचं हिरवं गवत एका कोपऱ्यातून ओढलं.

जो वास आला त्याने मुलगा दोन पावलं मागे सरला. गवताच्या खाली काळा बुळबुळीत थर साचला होता. त्यात केस, बिस्किटांचा चिखल, गोळे झालेले किडे आणि उजेडाला वैतागून वळवळणारी दोन गांडुळं होती. सुताराने बोटाला लागलेली घाण विजारीला पुसली, मग विजारीचीही त्याला किळस आली.

"शी! ही अक्कल कुणाची?"

"माझी," मुलगा ओशाळून म्हणाला. "दोन वर्षं झाली. पावसापासून लाकडाचं संरक्षण होतं, असं व्हिडिओत सांगितलं होतं."

"संरक्षण! पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही, ऊन नाही, वारा नाही. लाकडाचा गळा दाबलात तुम्ही! आणि मी दर उन्हाळ्यात येऊन घासत होतो, तीन दिवस वाळवत होतो, तेल पाजत होतो. तुम्ही कामावरून काढलंत मला या सतरंजीपायी!"

तो मनसोक्त बोलला. मुलगा खाली मान घालून ऐकत राहिला. मग सुताराने सगळं गवत गुंडाळून बाजूला टाकलं, फळ्या खराट्याने घासल्या आणि एकेका फळीत पटाशीचं टोक खुपसून बघू लागला. टोक आत जाईना. फळ्या टणक होत्या. मोडलेली म्हणून जी दाखवली तीही मोडली नव्हती, नुसती कलली होती. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण तो चडफडला, कारण एवढं बोलून झाल्यावर गवताने काहीच केलं नाही असं कसं चालेल?

मग तो पोटावर सरपटत ओट्याच्या खाली शिरला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

फळ्या ज्यांच्यावर टेकल्या होत्या त्या तुळया वरून काळ्या पडल्या होत्या. त्याने पटाशी टेकवली तर ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा पात्याला चिकट, ओला भुगा लागला होता. कडेने अळंबीच्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. ही दोन वर्षांची सड नव्हती, जुनी होती. त्याने वर बघितलं. दोन फळ्यांमधून उजेडाची रेघ दिसायला हवी होती. एकही दिसेना.

आणि त्याला आठवलं. ओटा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी बाईंच्या काठीचं टोक फटीत अडकलं होतं. "फटी बुजव रे," बाई म्हणाल्या होत्या. जगात कुणाचं न ऐकणाऱ्या सुताराने शाळेतल्या पोरासारखं 'हो बाई' म्हटलं आणि सगळ्या फळ्या उचलून अंगाला अंग लावून बसवल्या. सांध्यांत झिरपलेलं पाणी जाणार कुठून? पुढची सात वर्षं तो वरून तेल लावून स्वतःवर खूश होऊन घरी जात होता आणि खाली तुळया ओल्याच राहत होत्या.

"गवतामुळेच ना, काका?" मुलाने वरून विचारलं.

'हो' म्हणणं किती सोपं होतं. खाली दुसरं कोण सरपटत येणार होतं? नाकात तो वास, तोंडापाशी त्या पांढऱ्या छत्र्या. "शी," तो म्हणाला, पण या वेळी हळू, कारण ते स्वतःला होतं.

बाहेर येऊन तो दारात उभा राहिला. "गवताचं निमित्त. तुळया सडल्यात, त्या माझ्यामुळे. फट ठेवली नाही मी."

"मग हे काम पुन्हा तुमच्याकडेच कशाला द्यायचं?" मुलगा म्हणाला. आता त्याची मान वर आली होती.

सुतार पटाशीच्या पात्यावरचा ओला भुगा पुसू लागला.

"फटी बुजवायला मी सांगितलं होतं त्याला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत, बाई. पण सुतार मी होतो."

बाईंनी त्याच्या चिखलाने माखलेल्या शर्टाकडे बघितलं. "या वेळी फटी ठेवल्यास तर किती वर्षं टिकेल?"

एरवी या प्रश्नाला तो छाती पुढे काढून आकडा सांगायचा.

"दरवर्षी कुणीतरी खाली जाऊन बघितलं तर टिकेल," तो म्हणाला. "नऊ वर्षं तुम्ही वर बसत होतात, आणि मी एकदाही खाली गेलो नाही."