विस्तव्यांच्या घराला कुलूप नसतं

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. गावी पोचल्यावर नीट बसून लिहू असं म्हटलं तर मी लिहिणारच नाही, म्हणून चाकण-शिक्रापूर रस्त्यावर अडकलेल्या एसटीत बसून भराभर टाईप करतेय. चुका होतील, समजून घ्या. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बॅटरी लाल झालीय आणि माझे वडील, आमचे अण्णा, काल डायलिसिस न करता कुणाला न सांगता गावी निघून गेलेत. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत मशीनवर घ्या, नाहीतर छातीत पाणी भरेल. आणि अण्णा जागचे उठायला तयार नाहीत. का, ते सांगायचं तर मला आमच्या आडनावापासून सुरू करावं लागतंय.

आमचं आडनाव विस्तवे. ऐकलंय कधी? नसणारच. कंपनीत पहिल्या दिवशी गेटवरच्या सिक्युरिटीने दोनदा आधार कार्ड उलटंपालटं करून बघितलं. लाईनवरच्या पोरींनी लगेच, हिला हीट ट्रीटमेंटला पाठवा, भट्टीचा खर्च वाचेल. अजून तेच चालू असतं. मला आधी राग यायचा, मग मीच हसायला लागले.

आडनाव कुठून आलं ते अण्णांनी लहानपणी सांगितलेलं. काडेपेटी नव्हती तेव्हाची गोष्ट. गावात एका घराने चूल कायम जागती ठेवायची. रात्री विस्तव राखेत पुरायचा, सकाळी राख काढून, विस्तव उघडा करून त्यावर गोवरीचा तुकडा ठेवायचा. मग गावातल्या बायका खापरात विस्तव न्यायला यायच्या. ते घर आमचं. एका काकांचं म्हणणं की आपण कुठल्यातरी सरदारांचे वगैरे आहोत, पण अण्णा म्हणतात, काही नाही, आपण शेजारधर्मातून आलेली माणसं. एवढंच. काडेपेटी आली, रॉकेल आलं, गॅस आला, पण नियम तसाच राहिला, आणि गावची होळी अजून आमच्या चुलीतल्या विस्तवावरच पेटते. नियम काय, तर विस्तव्यांच्या घराला कुलूप लागत नाही. त्या आडनावाचं एक माणूस कायम घरात पाहिजे. लेक चालते, सून चालते, म्हातारं चालतं. पण पाहिजे.

म्हणजे बघा, आमच्याकडे कुठलाही निरोप अर्धाच असतो. मी नोकरीसाठी निघाले त्या दिवशी फाट्यावर फक्त आई आली होती. अण्णा दारात उभे. उंबऱ्याच्या बाहेर एक पाय टाकलेला आणि दुसरा आत, असं वाटत होतं की आता येतील, आता येतील. आले नाहीत. म्हणाले, "जा माय. इथं मी हाय." बस वळली तरी मला आमची गल्ली दिसत होती आणि त्यात ते दिसत नव्हते, कारण तोवर ते आत गेले असणार, चुलीपाशी. आईअण्णा दोघं मिळून कधी कुठल्या लग्नाला गेलेले मला आठवत नाहीत. आमच्या चौघांचा एकत्र असा फोटो फक्त घराच्या दारातला आहे. चौथा म्हणजे माझा काका, तोही नंतर भोसरीला गेला.

सगळेच गेले की. तेच तर सांगतेय. एकेकाळी आख्खी गल्ली विस्तव्यांची होती. मग तात्याकाका, अण्णांचे चुलतभाऊ, भोसरीच्या फाउंड्रीत लागले आणि संत तुकाराम नगरला खोली घेतली. त्यांनी पुतण्याला ओढलं, पुतण्याने त्याच्या भावाला. आता आमचं आडनाव शोधायचं तर आमच्या बीड जिल्ह्यात शोधून उपयोग नाही. मोशीत सापडेल, महाळुंग्यात सापडेल, पुनावळ्याला माझ्या चुलतभावाच्या, सचिनदादाच्या दारावर स्टीलच्या अक्षरात सापडेल. एक घर कॅनडात आहे, त्यांनी तिकडच्यांना उच्चारता येत नाही म्हणून आडनावच कापून अर्धं केलंय. आणि मी कुरुळीत. पत्र्याच्या चाळीत दहा बाय दहाची खोली, इंडक्शनची शेगडी. बटन दाबलं की चालू, बटन दाबलं की बंद. पहिल्या रात्री मी ती बंद करून झोपले आणि कितीतरी वेळ वाटत राहिलं की काहीतरी करायचं राहिलंय. गावात उरलं कोण? आई गेल्यावर एकटे अण्णा. आईला न्यायला सगळे आले होते, अण्णा स्मशानात गेले, आणि घरात चुलीपाशी मी बसले. माझ्या आईला शेवटचं पोचवायला मी नव्हते. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

मग अण्णांच्या किडन्या गेल्या. बीडला मशीन आहे, नाही असं नाही. पण आठवड्यातून तीनदा एसटीने जायचं, चार तास सुया टोचून घ्यायच्या, उलट्या करत परत यायचं, आणि तेवढा वेळ घर रिकामं. अण्णा चुकवायला लागले. मला फोनवर सांगायचे, करून आलो. शेजारच्या जनामावशीने एकदा खरं सांगितलं तेव्हा मी लाईनवरच रडले. मी म्हटलं, मी नोकरी सोडून येते, मी बसते घरात. तर म्हणाले, मग मला बीडला कोण नेणार? आणि तू तिथं बसून काय खाणार? बरोबरच होतं ते. एक माणूस दोन ठिकाणी कसं असणार.

तेव्हा सचिनदादाने विस्तवे परिवार नावाच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डोकं चालवलं. तोवर त्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं यायची. दादा म्हणाला, आपण सगळे कंपनीतली माणसं आहोत, आपल्याला हे कळायला पाहिजे. पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आल्याशिवाय ऑपरेटर मशीन सोडत नाही. काका बिचारे कधीपासून डबल शिफ्ट मारतायत, त्यांना रिलिव्हर द्या. राव, काय बोलला होता तो! सगळ्यांना पटलं. शिफ्टच लावली आम्ही. आधी रिटायर झालेले तात्याकाका जातील, मग सचिनदादा तिकडून लॅपटॉपवर काम करेल, मग त्याचा धाकटा भाऊ मंगेश, असं पुढे पुढे. अण्णांना पटायला वेळ लागला. पण तात्याकाका खरंच बॅग घेऊन दारात उभे राहिले तेव्हा अण्णांनी त्यांना राख कशी काढायची ते दोनदा दाखवलं आणि माझ्याबरोबर कुरुळीला आले.

ते महिने चांगले होते हो. खोटं नाही सांगत. इथल्या दवाखान्यात आठवड्याचे तिन्ही डायलिसिस होत होते, अण्णांच्या चेहऱ्यावरची सूज उतरली. चाळीतल्या लातूरच्या, वाशिमच्या पोरांना ते संध्याकाळी गोळा करायचे. एकाने विचारलं, अण्णा, तुमच्यात म्हणे घर सोडत नाहीत, तर अण्णा म्हणाले, "सोडलं न्हाई रे, सुट्टीवर हाय." फक्त सकाळचा एक हट्ट होता. अंघोळ झाली की माझ्या फोनवर चुलीचा व्हिडिओ बघायचा. गावात जो असेल त्याने रोज राख काढून, विस्तव दाखवून पाठवायचा. तात्याकाकांच्या व्हिडिओत अर्धा वेळ त्यांचा अंगठाच दिसायचा. सचिनदादा मागे कॉलवर इंग्लिश बोलत असायचा. मंगेशचा व्हिडिओ सगळ्यात छान, लालबुंद विस्तव, अगदी जवळून.

तो व्हिडिओ एकच होता. रोज तोच.

मंगेश काँट्रॅक्टवर आहे, महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे पार्ट दाबायच्या मशीनवर. गावी जाऊन थोडे दिवस झाले आणि काँट्रॅक्टरचा फोन आला, उद्या ये नाहीतर ब्रेक देतो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, ब्रेक दिला म्हणजे कामावरून काढलं. परत घेतील, न घेतील. मंगेशला लहान मुलगी आहे. त्याने ग्रुपवर विचारलं, कुणी लवकर येऊ शकतं का? सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मी पण टाकला. मग त्याने विस्तव राखेत नीट पुरला, दाराला कडी लावली, कुलूप नाही लावलं, आणि परत आला. एवढे दिवस विस्तव कुठला राहतोय. पण अण्णांना धक्का बसू नये म्हणून रोज सकाळी महाळुंग्याच्या खोलीतून तोच व्हिडिओ पाठवत राहिला. काल रात्री त्यानेच फोनवर हे सगळं कबूल केलं. मला राग येत नाही त्याचा. यायला पाहिजे, पण येत नाही.

अण्णांनी ओळखलं. काल मी फर्स्ट शिफ्टला गेले आणि परत आले तर खोलीत कपडे घडी करून ठेवलेले, दवाखान्याची पिशवी खुंटीला तशीच. मी आधी दवाखान्यात पळाले, वाटलं एकटेच गेले असतील. तिथे नव्हते. मग जनामावशीचा फोन, अगं, तुझे अण्णा आलेत आणि चुलीपुढं बसलेत.

आज सकाळी मावशीने त्यांच्या कानाला फोन लावला. बोलताना त्यांना दम लागत होता. मी विचारलं, कसं कळलं तुम्हाला?

"राख हलंना माय. रोज तीच राख, त्याच जागी. कुणी काढलीच नाय."

मी म्हटलं, अण्णा, झालं ते झालं, मावशीकडून काडेपेटी घ्या आणि पेटवा. तर म्हणाले, काडीनं पेटवलेला तो आपला नव्हं. मग आता विझल्यावर काय करायचं असतं, मी विचारलं. मग म्हणाले की ते कुणी सांगून ठेवलेलं नाही, कारण विझलाच नव्हता कधी. माझा तोल गेला. मी बसस्टॉपवर सगळ्यांसमोर ओरडले, मग विझलेल्या चुलीची राखण कशाला करताय, या ना इकडे, मरायचंय का तुम्हाला?

अण्णा हळू बोलले.

"चुलीची नाय गं. कुणी मागायला आलं तर? विझला म्हणून सांगायला तरी कुणी नको का दारात?"

आता मला सांगा, कोण येणार आहे मागायला? गावात घराघरात गॅस आहे. लायटर आहे. माझ्या जन्मात मी होळी सोडून कुणाला खापर घेऊन येताना बघितलं नाही. पण अण्णा त्याच्यासाठी बसलेत, न येणाऱ्या माणसासाठी, अंगात पाणी भरत चाललंय तरी.

आणि हे टाईप करता करताच, आत्ता, या सीटवर मला कळलंय काय करायचं ते. मी आत जाऊन त्यांना ओढून आणणार नाही. मी दारात उभी राहणार, बाहेरच्या बाईसारखी, हातात खापर घेऊन, आणि मागणार. अण्णा, विस्तव द्या. त्यांना ते तोंडाने म्हणावं लागेल, विझला. लेकीला म्हणणं त्यांना किती जड जाईल मला माहितीय. मला ऐकणंही. पण ते एकदा म्हणून झालं की त्यांचं काम संपेल. मग उठतील. उठतील ना?

मंगेश माझ्या शेजारीच बसलाय. चाकणला स्टँडवर आला, कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या फोनवर काँट्रॅक्टरचे मिस्ड कॉल येतायत आणि तो स्क्रीन उलटी करून मांडीवर ठेवतोय. आत्ता त्याला हे वाचून दाखवलं. तर म्हणाला, "ताई, आधी मी मागतो. माझ्यामुळं विझलाय." मी हो म्हटलं. ग्रुपवर टाकलंय तेही. सचिनदादा म्हणतोय गाडी काढतो, त्याच गाडीतून अण्णांना थेट बीडच्या मशीनवर नेऊ. तात्याकाका त्याच्याबरोबर येतायत, खाली उतरून उभे आहेत म्हणे. बाकीच्यांचं अजून काही आलेलं नाही. मोशीवाले, महाळुंगेवाले, वाचताय ना? हात जोडू नका. या.

कुरुळीत मला कुणी विचारलं, घर कुठलं, तर मी गावाचं नाव सांगायचे आणि मनात चूल यायची, भिंत यायची, चिंचेचं झाड यायचं. आता तसलं काही येत नाहीये. घर म्हणजे मला आत्ता फक्त एक माणूस दिसतोय, जो बसून राहिला म्हणून बाकी सगळ्यांना निघता आलं. आम्ही सगळे इकडे येऊन पीएफ, फ्लॅट, ओव्हरटाइम करत होतो तेव्हा तो एकटा आमच्या सगळ्यांच्या वाटचं तिथे बसून होता. आणि त्याला उठवायला आम्ही जातोय, आणि तो उठला की घर म्हणायला तिथे काय राहील, मला माहीत नाही. तरी उठवायचंय. मला घर नको, अण्णा पाहिजेत.

बस हलली. बॅटरी जाईल आता. तुम्ही पण कुठून कुठून आलेले आहात, म्हणून विचारते. तुम्हाला निघता यावं म्हणून तुमच्याकडे कोण मागे बसून राहिलं होतं? तुम्ही गेलात का त्यांना उठवायला? उठले का ते?