मृतसाठ्यातले मासे

धरणाचं पाणी आटत आटत मधल्या डोहापुरतं उरलं आहे. कडेच्या भेगाळलेल्या गाळावर बसून मी भागीमावशीला पेपर वाचून दाखवत होतो: धरणात आता फक्त मृतसाठा. दारांच्या खाली राहतं आणि कालव्यात सोडता येत नाही, त्या पाण्याचं हे सरकारी नाव.

"मेलेलं पाणी?" जाळं शिवता शिवता मावशी म्हणाली. "मग त्यात उड्या कोण मारतंय, भुतं?"

शेजारी बसलेला तिचा नवरा हसला.

डोहात खरंच रोहू उसळत होते. धरणभर पांगलेले मासे उन्हाळ्यात इथंच गोळा होतात. माद्यांची पोटं अंड्यांनी भरलेली असतात. ओढे वाहू लागले की त्या अंडी घालायला वरच्या अंगाला, चढणीला लागतील, म्हणून सध्या इथं कोणी जाळं टाकत नाही. पुढचं सगळं वर्ष ज्यावर उभं आहे, त्यालाच आपण मृत म्हणतो. कागदावर एखाद्याला आधी मेलेलं ठरवलं, की त्याला हात लावताना कुणाला विचारावं लागत नाही.

समोरच्या काठावर शहराच्या पाण्यासाठी मोटर बसवत होते. तहान खोटी नाही, हे मावशीलाही कळतं. ती उठली, डोहाच्या उथळ कडेला तिनं एक काठी रोवली आणि मोटरवाल्याला हाळी दिली, "पाणी हिच्या खाली उतरलं, की मी येऊन मोटरीवर बसणार."

"आणि माझी भाकरी?" नवऱ्यानं विचारलं.

"थापून तिथंच घेऊन या. दोघांची."