गुणवंतराव आणि बसऱ्याचा परवाना

शांती नगरात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पासपोर्ट, पॅनकार्ड, व्हिसा, सरकारला माणसाकडून जे जे हवं असतं ते माझ्या टेबलावरून जातं. बावीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे स्वभाव काही गोड राहिलेला नाही. जन्मतारीख विचारली की "शाळेतली सांगू की खरी?" असं विचारणाऱ्यांवर मी खेकसते आणि घरी गेल्यावर वाईट वाटून घेते. अशा या दुकानात रोज अकराच्या सुमारास गुणवंत केळुसकर येऊन बसायचे. आमच्याच बिल्डिंगमधले, तिसऱ्या मजल्यावरचे. गिऱ्हाइकांना वाटायचं हे माझे वडील असावेत. मी दोन-तीनदा खुलासा केला आणि मग नाद सोडला.

गुणवंतराव मुंबईतल्या एका सरकारी दफ्तरखान्यात चौतीस वर्षं कारकून होते. त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी एकाच विभागात काढली. इंग्रजांच्या काळात देशाबाहेर जायला निघालेल्या माणसांचे अर्ज तिथे ठेवले होते. त्या काळी जायचं म्हणजे साहेबाला विचारावं लागे. अर्ज करायचा, फोटो लावायचा, दोन प्रतिष्ठित माणसांची हमी आणायची, गावच्या पाटलाचा अहवाल यायचा, आणि एवढं झाल्यावर साहेब एक ओळ लिहायचा. त्या ओळीवर माणसाचं पुढचं आयुष्य ठरायचं. ऑफिसात या विभागात बदली म्हणजे शिक्षा समजत. धूळ, झुरळं आणि वरकमाई शून्य. गुणवंतरावांनी मात्र ती शिक्षा अंगाला लावून घेतली. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी ते त्या लोकांना 'आपले अर्जदार' म्हणत.

आणि आठवणीत कोण, तर फक्त नकार मिळालेले. ज्यांना परवाने मिळाले ते गेले, सुखी झाले किंवा मेले, त्यांच्याशी यांना देणंघेणं नाही. झांझिबारला निघालेला एक शिंपी होता, उंची पाच फूट एक इंच. एक विधवा एडनला मेलेल्या मुलाची पेटी आणायला जाणार होती आणि साहेबाने शेरा मारला होता की पेटी टपालाने मागवावी. हे सांगताना गुणवंतरावांचा आवाज चढे. मी समोरच्याच्या फोटोची साइज कमी करत असायची आणि हे नव्वद वर्षांपूर्वीच्या साहेबाला दुकानात उभं करून झापत असायचे. मी म्हणायची, "गुणवंतराव, तो साहेब मेला, त्याचं पेन्शनही बंद झालं." तर म्हणत, "नकार कुठे बंद झालाय, रसिकाबाई?"

त्यांची फाइल वाचायची एक पद्धत होती. ते शेवटून वाचत. अर्ज सगळे एकसारखे असतात, कचेरीबाहेर बसलेला लेखनिकच ते लिहून देतो, असं त्यांचं म्हणणं. खरं काय घडलं ते आतल्या टिपण्यांमध्ये असतं, आणि टिपणीत साहेब उघडा पडतो. मी भरलेले व्हिसाचे फॉर्मसुद्धा ते खालून वर वाचत. त्यात दोनदा माझ्या चुका सापडल्या, म्हणून मी त्यांना बसायला बरी खुर्ची आणून दिली.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर समुद्रकाठच्या पाली गावचा भूपेश दुकानात आला. घर मासेमारीवालं, पण याला कुवेतच्या बंदरात टगबोटीवर नोकरी लागली होती. बायको कृतिका आणि लहान मुलगी सध्या इथेच राहणार, वर्षभराने त्यांना बोलावून घ्यायचा बेत. फॉर्म भरता भरता पोरगा रडकुंडीला आला. त्याची आजी रखमाबाई, वय एक्क्याण्णव, आठ दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. जाणारे बोलावत नाहीत, एवढंच म्हणाली होती आणि तोंड फिरवून बसली होती.

यामागची गोष्ट सगळ्या पालीला ठाऊक होती. रखमाबाईचे वडील पंढरीनाथ इराकातल्या बसऱ्याच्या बंदरात लाँचवर कामाला गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढच्या वर्षी तुम्हा दोघींना नेतो, असं सांगून गेले. नेलं नाही. मग लढाई सुरू झाली आणि बेचाळीस साली ते तापाने तिकडेच गेल्याचं पत्र आलं. तिकडे दुसरी बाई केली असणार, असं गावाने ठरवून टाकलं. रखमाबाईची आई सुकटीच्या टोपल्या डोक्यावर वाहून मेली, कधी चकार शब्द बोलली नाही. मुलगी मात्र बापाचा राग जपत म्हातारी झाली.

गुणवंतराव खुर्चीतून उठले. कुठलं साल, बापाचं आडनाव काय, गाव कोणत्या तालुक्यात लागायचं, सगळं माझ्याच कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. म्हणाले, बसऱ्याचे अर्ज वेगळ्या बासनात असायचे, माझ्या हातचेच बांधलेले आहेत. भूपेशने घरी जाऊन ते आजीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. तिला बाकी काही नको होतं. बापाने बोलावलं होतं का, एवढंच बघा, आणि नसेल बोलावलं तर तेही येऊन सांगा, ती ऐकून घेईल.

त्यानंतर महिनाभर दुकानातली खुर्ची रिकामी होती. गुडघे दुखत असताना हा माणूस रोज मुंबईला जाऊन आपल्याच जुन्या ऑफिसात अभ्यागत म्हणून वहीत सही करायचा. नीरज नावाचा त्यांच्या हाताखालचा पोरगा आता तिथे अधिकारी झाला होता, त्याने आत बसू दिलं. मला वाटत होतं काही सापडायचं नाही, आणि खरं सांगायचं तर सापडू नये असंही वाटत होतं. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला नसतं काही कळून काय मिळणार होतं?

डिसेंबरात ते दुकानात आले ते थेट आतल्या स्टुलावर जाऊन बसले. हातात झेरॉक्स होते, दुसऱ्याच दुकानातून काढलेले. मला ते लागलं, पण त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसले.

पंढरीनाथने बोलावलं होतं. एकदा नाही, तीनदा. सदतीस सालच्या ऑगस्टमध्ये बसऱ्याहून पहिला अर्ज, पत्नी आणि मुलीला आणण्याचा परवाना मिळावा म्हणून. चौकशीसाठी त्याच्या बायकोला ठाण्याच्या जिल्हा कचेरीत हजर राहायला सांगितलं होतं. ती गेली. गोऱ्या साहेबाने पहिलाच प्रश्न विचारला, नवऱ्याचं नाव काय. साहेबाने लिहिलं होतं ते गुणवंतरावांनी मला मराठीत वाचून दाखवलं. "तीन वेळा विचारूनही बाई पतीचे नाव सांगू शकली नाही. विवाह सिद्ध होत नाही. परवाना नाकारावा."

मला कळायला एक क्षण लागला. मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, कधीकधी त्याहून वाईट काहीतरी. पण माझी आजी नाव घ्यायची ते लग्नामुंजीत, कोणी अडवून उखाणा घ्यायला लावला तरच, आणि तेव्हाही पदर तोंडावर घेऊन. अहो, ह्यांनी, पोरांचे बाबा, घरातले, यावर जन्म निघायचा. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं मानणारी बाई, परमुलखात राहणाऱ्या नवऱ्याचं नाव परपुरुषांनी भरलेल्या कचेरीत घेईल कशी? नवऱ्यापर्यंत पोचण्यासाठी तिने एकच शब्द बोलायचा होता आणि नवऱ्याच्या भल्यासाठीच तिने तो गिळला.

पुढचे दोन अर्ज साहेबाने वाचलेसुद्धा नसावेत. दोन्हींवर एकच शेरा होता, मागील निर्णय पाहावा.

गुणवंतरावांचा राग साहेबावर नव्हता. त्याला कुठून कळणार, म्हणाले, तो सातासमुद्रापलीकडून आलेला. टिपणीच्या कोपऱ्यात दुभाष्याचं काम केलेल्या कारकुनाची बारीक सही होती, मोडीतली. त्या सहीवर ते बोट आपटत राहिले. हा तर इथलाच, याच्या घरीही बायको याचं नाव घेत नसणार. "साहेब, आमच्यात बायका नाव घेत नाहीत," एवढं एक वाक्य बोलला असता तर एक संसार उभा राहिला असता. मूग गिळून बसला तो.

मग सहीवरून बोट काढून म्हणाले, "मीपण बसलोय, रसिकाबाई."

एक्क्याण्णव सालची गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. एक बाई आजोबांची फाइल मागायला आली होती. फाइल नाही, असं वरच्या अधिकाऱ्याने तिच्या तोंडावर सांगितलं. फाइल कुठल्या फळीवर आहे ते गुणवंतरावांना ठाऊक होतं. बढती तोंडावर आलेली, म्हणून ते बोलले नाहीत. बाई सोलापूरहून आली होती, तशीच परत गेली. इतकी वर्षं माझ्या दुकानात बसून ते ज्या मेलेल्या साहेबांना झापत होते, त्या रांगेत त्यांनी स्वतःला केव्हाच उभं केलेलं होतं. मला त्यांची फार माया आली आणि मी ती चहा मागवून झाकली.

आता प्रश्न होता रखमाबाईला काय सांगायचं. मी म्हटलं, बापाने बोलावलं होतं, साहेबाने नाही म्हटलं, बस. खोटं काहीच नाही यात. आईच्या गप्प राहण्याने सगळं बिघडलं हे सांगून काय करायचंय? म्हातारी इतकी वर्षं बापावर रागावली, आता उरलेले दिवस आईवर रागावेल. अर्धी टिपणी दाखवण्यात आपली सगळी नोकरी सरली, गुणवंतराव म्हणाले, आता नोकरी नाही तर पूर्ण दाखवू. मला पटलं नाही. पण दुकान दुपारपुरतं बंद करून मी त्यांच्याबरोबर निघाले.

भूपेश आम्हाला रिक्षाने पालीला घेऊन गेला. गल्ली एवढी अरुंद की शेवटचं अंतर दोन मोटारसायकलींच्या मधून आडवं होऊन चालावं लागलं. दारापुढे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि रखमाबाई खाटेवर बसून वाट बघत होती. लुगडं नेसलेली, अंगाने काटकुळी, ऐकायला मात्र तीक्ष्ण. तिने आम्हाला पाणीही विचारलं नाही. कृतिकाने आणलेलं पाणी हातानेच बाजूला केलं आणि गुणवंतरावांकडे बघून म्हणाली, "बोलावला व्हता?"

"बोलावलं होतं, आजी. तीनदा."

भूपेश तिच्या पायाशी बसला. गुणवंतरावांनी चष्मा पुसला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना फाइल सुरुवातीपासून वाचताना पाहिलं. पंढरीनाथचा अर्ज, मग पाटलाचा अहवाल, मग ठाण्याची तारीख. मग साहेबाची टिपणी. एकही शब्द न गाळता त्यांनी ती वाचली. साहेबाने काय विचारलं, किती वेळा विचारलं, आई काही बोलली नाही, आणि त्यावरून त्याने काय ठरवलं.

मी खाली बघत होते. मला वाटलं आता ही आईला शिव्या घालेल नाहीतर रडेल. दोन्ही मला बघायचं नव्हतं.

रखमाबाई शांतपणे म्हणाली, "मंग ती कशी सांगंल?"

तीच पुढे म्हणाली, तिच्या मालकाला जाऊन तीस वर्षं झाली, तिनेही त्याचं नाव कधी घेतलं नाही. रेशनकार्डाच्या वेळी मोठ्या मुलाने सांगितलं, दवाखान्यात सुनेने. आईची काही चूक नाही, तिच्या जागी मी असते तरी गप्पच बसले असते. हे सगळं तिने असं सांगितलं की जणू आम्हालाच कमी अक्कल आहे. गुणवंतरावांनी मान डोलावली. कागद त्यांनी माझ्याकडे दिले.

मग रखमाबाईने विचारलं, "ठान्याला कवा गेलती ती? थंडी व्हती?"

तारीख होती बारा फेब्रुवारी एकोणीसशे अडतीस. गुणवंतरावांनी सांगितली.

"मी व्हते," ती म्हणाली. "खाडीतून होडीनं गेलेलो. मना टांग्यात बसवला व्हता. येवढा मोठा पंखा, दोरीनं वढायचा, त्याच्याखाली आयस हुबी व्हती आन मी तिच्या कडेवर. इतकी वर्सं मना वाटायचं, आमी जत्रेला गेलतो."

भूपेशने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि गुणवंतरावांकडे झुकली. कोर्टातल्या साक्षीदाराने न्यायाधीशाकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत होती.

"चार वर्सांची व्हते मी. बोलत व्हते चांगली. तिनं न्हाय सांगितला तं मना इचारायचा. आयसनं नाव घेवाचा नसतो, पोरीनं घेवाचा असतो. मना कुनी इचारलाच न्हाय."

गुणवंतराव उठले. गुडघ्यांवर हात टेकून ते तिच्या खाटेसमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी तिला विचारलं, "बाय, तुझ्या बापाचं नाव काय?"

रखमाबाईने पदर सारखा केला.

"पंढरीनाथ," ती म्हणाली.